तीन दिवस विचारायचं नाही

परवा एका कचेरीत कागद द्यायला गेले होते. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "काय काम?" बस्स, दोनच शब्द. तिचीही काही चूक नाही म्हणा. माझ्यामागं वीस माणसं उभी आणि तिच्या डोक्यावरचा पंखा बंद. मी कागद सरकवला, तिनं शिक्का मारला, मी बाहेर आले. गुडघे बोलायला लागले म्हणून पायरीवर टेकले आणि मनात आलं, माझ्या जागी आमचे अण्णा असते तर आज त्या मुलीचं काही खरं नव्हतं.

अण्णा म्हणजे निपाणीचे आमचे घरमालक. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही बावीस वर्षं राहिलो. आमचे हे तंबाखूच्या वखारीत कामाला, मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि आमची एकुलती एक मुलगी. अण्णा जैनाघरचे. शेती होती, पण भावांत वाटून वाटून रुमालाएवढी झाली, म्हणून तरुणपणीच तिकडं आखातात गेले. तिकडं म्हणजे शहरात नव्हे बरं का. अण्णा पाण्याचा टँकर घेऊन वाळवंटात फिरायचे. तंबू ठोकून उंटं-शेळ्या राखणारी बद्दू माणसं असतात, त्यांच्या तंबूंना पाणी पोचवायचं. एकोणीस वर्षं हेच केलं. परत येताना लोक सोनं आणतात, टेप आणतात. अण्णांनी आणली लांब चोचीची एक पितळी किटली, बिनकानाचे बोटभर कप आणि त्या बद्दू लोकांची विचारपूस करायची रीत.

ती रीत आम्ही सगळ्या गल्लीनं सोसली.

सकाळी नळाला पाणी येतं, बायकांची झुंबड असते. मी एक घागर डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन निघालेली. अण्णा समोरून येणार. मागून कधी यायचे नाहीत, कुणाच्याच नाही. लांबूनच खाकरायचे, आपण दिसलो याची खात्री झाली की मग पुढं.

"आक्का, बरं हाय?"

"बरं हाय, अण्णा."

"घरातली बरी हायत?"

"हायत."

"पोरगी बरी? पान-तंबाखू बरी आली? पाऊसपाणी बरं?"

"अण्णा, काल तुमी बी हितंच हुता की. पाऊस तुमाला बी दिसलाच असंल."

"त्ये हाय. तरी पण बरं हाय न्हवं समदं?"

"हाय."

मला वाटायचं सुटले. तर ते एक मोठा श्वास घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. "आक्का, बरं हाय?" तिकडं म्हणे दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. पहिल्या फेरीला माणूस तोंडानं बरं म्हणतो, दुसऱ्या फेरीला डोळे खरं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. माझे डोळे काय सांगणार? मान मोडायला आली होती एवढंच.

एकदा अण्णा न्हाव्याकडं बसले असताना सवयीनं त्याला विचारून गेले, "उंटं बरी हायत न्हवं?" न्हावीही बेरकी. म्हणाला, "बरी हायत अण्णा, आत्ताच धुऊन वाळत घातल्यात." तेव्हापासून गल्लीनं त्यांचं नाव उंटअण्णा पाडलं. त्यांच्या कानावर गेलं तर रागावले नाहीत. म्हणाले, "उंट वाईट न्हाय वं. लांबनं वळखतोय."

कोल्हापूरच्या बसमध्ये तर रोजचा तमाशा. कंडक्टर म्हणणार, "कुठं?" अण्णा म्हणणार, "पयलं सांगा, बरं हाय न्हवं?" कंडक्टर कानडी निघाला तर कानडीत, "आराम अदीरी?" आणि पुन्हा घरची माणसं, पोरंबाळं, गाव कंचं, पाऊस कसा. मागून माणसं ओरडायची, "ओ उंटअण्णा, गाव सांगा, गाव!" त्यांना खरोखरच कळायचं नाही की माणसं का चिडतात. घरी येऊन बायकोला विचारायचे, "मी काय वंगाळ इचारलं काय गं?"

त्यांची बायको फार शांत. कानडी मुलखातली. माझ्याजवळ बसून विड्यांची पानं कातरू लागायची आणि म्हणायची, "एकोणीस वर्सं ह्यांची वाट बघितली. आता दिवसातनं धा येळा 'बरं हाय का' ऐकतो. एकोणीस वर्सांचं उरलेलं फेडत्यात वाटतंय." हसायची. तिच्या हसण्यात दमणूक असायची, माझ्यासारखीच.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, ओट्यावर कॉफी. वेलदोडा घातलेली, कडू, बिनसाखरेची. डाव्या हातात किटली आणि उजव्या हातानं कप द्यायचा, कप अर्धाच भरायचा. आणि पाहुण्यानं पुरे झालं की तोंडानं म्हणायचं नाही, कप बोटांत धरून हलवायचा. हे आमच्या ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपले "पुरे पुरे" म्हणत राहिले आणि अण्णा ओतत राहिले. अकरा कप झाल्यावर हे घरी आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "ह्या माणसाला कुणीतरी आवरा गं. तिकडचं ऊन डोस्क्यात गेलंय."

मीही तसंच समजत होते. माझ्या मुलीचं तर त्यांच्याशी वैरच होतं. शाळेची घंटा व्हायची तरी अण्णांची विचारपूस संपायची नाही, म्हणून ती मागच्या भिंतीवरून दप्तर टाकून उडी मारून जायची.

मग तिचं लग्न झालं. चिकोडीच्या बाजूचं घर, उसाचा मळा, चार म्हशी. दोन वर्षं झाली. आणि एका दुपारी मी सूप घेऊन बसले असताना फाटकाशी रिक्षा थांबली. मुलगी उतरली. एकटी, हातात एक कापडी पिशवी.

तुम्हाला माहीतच आहे, सासुरवाशीण अवेळी एकटी आली की गल्लीचे कान कसे टवकारतात. समोरची उंबऱ्यावर आली, शेजारची ओली भांडी हातात घेऊन आली. आणि फाटकात कोण उभे? अण्णा. खाकरले.

"आलीस का, बाळ? ये. बरं हाय?"

"बरं हाय, अण्णा."

"जिवाला बरं हाय? परवास बरा झाला?"

"झाला."

"घरातली बरी? म्हशी बऱ्या? ऊस बरा?"

"समदं बरं हाय."

मी वळता वळता विडी हातातच धरलेली. अण्णांनी श्वास घेतला आणि दुसरी फेरी सुरू केली. "बाळ, बरं हाय?" आणि माझी ती भिंतीवरून उड्या मारणारी मुलगी फाटकाच्या पायरीवर मटकन बसली आणि पिशवीत तोंड घालून रडायला लागली.

अण्णांनी पुढं काही म्हणजे काही विचारलं नाही. बायकोला हाक मारून पाणी मागवलं. मग घरातली लोखंडी खुर्ची आणली, फाटकात टाकली आणि तिच्यावर बसले.

समोरची आली. "काय वं अण्णा, पोरगी का आलीया?"

"पाव्हणी हाय. तीन दिस इचारायचं नसतंय."

"आवं, पर झालं तरी काय?"

"तीन दिसांनी या. आता सांगा, तुमचं बरं हाय? घरातली बरी हायत?"

पहिल्या फेरीतच ती पळाली. त्या तीन दिवसांत अशा कितीतरी आल्या. माझा दीर आला, तोही परत गेला. पहिल्याच संध्याकाळी हे वखारीतून आले. सगळ्या अंगाला तंबाखूची धूळ, डोळे लाल. बाप म्हटल्यावर खुर्ची ओलांडून आत येणारच. पण अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बापानं बी न्हाय इचारायचं. जेवा आन् पडा." हे मुकाट्यानं जेवले.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना चहा नेऊन दिला. माझा धीर सुटला होता. म्हटलं, "अण्णा, आईला तरी इचारू द्या. मला काय हुतंय ते मला ठावं."

तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. बावीस वर्षांत एकदाच. तिकडं गेल्यावर पहिल्या वर्षी ज्याच्याकडं कामाला होते, त्याच्याकडून ते पळाले होते. कागद त्याच्याकडंच, खिशात काही नाही. वाळूत एक दिवस चालले आणि एका तंबूपुढं पडले. तंबूतल्या म्हाताऱ्यानं पाणी दिलं, खजूर दिले. मांस पुढं केलं, ते अण्णांनी हातानं नको म्हटलं, तर तेही का म्हणून विचारलं नाही. तीन दिवस फक्त बरं आहे ना, बरं आहे ना.

"आक्का, पयल्या दिशी इचारलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं. वाट चुकलोय म्हणलो असतो. आन् एकदा खोटं सांगितलं की त्येच रेटत बसाय लागतंय. तिसऱ्या दिशी मीच हुन बोललो. तुमची पोरगी बी बोलंल. गप बसून दमतंय वं माणूस."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पानं कातरत होते. मुलगी शेजारी येऊन बसली, एक कात्री घेतली आणि खाली बघतच बोलायला लागली. तिचं मूल पोटात असताना गेलं होतं. ते आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. त्या दिवसापासून सासरी तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, उपाशी ठेवणं नाही. ताट भरून दाराशी ठेवायचे. सासूला काही सांगायचं असलं तर गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायची, "सांग गं तिला, शेण काढाय पायजे." नवराही बोलायचा नाही. आठ महिने.

"आई," ती म्हणाली, "आठ महिन्यांत मला कुणी 'बरं हाय का' म्हणलं न्हवतं. पयलं अण्णाच."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. नळावर घागर डोक्यावर घेऊन मी ज्या शब्दांना वैतागायची, ते हेच शब्द.

आता तुम्हाला वाटेल की हे ऐकून बापाचं काळीज हललं असेल. हललं असेलही, पण ते दिसलं नाही. हे म्हणाले, "मारलं काय? न्हाय. हाकललं काय? न्हाय. मग? बोलत न्हाईत म्हणून कोण सासर सोडतंय?" आणि सासरी निरोप धाडला की येऊन घेऊन जा.

मी काय केलं ते सांगते. मी तिची पिशवी भरली. दोन साड्या, थोडी शेंगदाण्याची चटणी. भांडायला हवं होतं, कळत होतं. पण सकाळपासून विड्या, दुपारी विड्या, वीस वर्षं कंबर वाकलेली. माझ्यात भांडणाएवढं बळच उरलं नव्हतं. माणूस वाईट नसतो, दमलेला असतो, आणि दमलेल्या माणसाच्या हातून वाईट होतं. आज इतक्या वर्षांनीही ती पिशवी मला डोळ्यांपुढं दिसते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सासरा आणि जावई आले. चटईवर बसले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात, पिशवी उंबऱ्याशी. मी चहा केला. एवढ्यात बाहेर खाकरणं ऐकू आलं. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "आलं."

अण्णा आत आले, बसले आणि सासऱ्यांची विचारपूस सुरू केली. गाव, घर, ऊस, पाऊस. दुसरी फेरी. सासरा घड्याळ बघत म्हणाला, "आवं, आमाला शेवटची एसटी गाठायचीया." अण्णा म्हणाले, "गाठा की. म्हशी बऱ्या हायत?" म्हशींचं नाव काढल्यावर दारातल्या माझ्या मुलीनं मान वर केली. सासऱ्यानं घड्याळावर बाही ओढली.

मी चहा पुढं केला. सगळ्यांनी घेतला. अण्णांनीही घेतला आणि तो कप ह्यांच्यापुढं जमिनीवर ठेवला. हात मांडीवर घेऊन बसले.

"घ्या की, अण्णा," हे म्हणाले.

"न्हाय."

"साखर कमी हाय काय गं?" हे माझ्यावर डाफरले. मी धावत जाऊन चमचाभर साखर आणून घातली. अण्णांनी कपाकडं बघितलंही नाही. मग ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. जैन माणूस दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे उठून दारात गेले, पलीकडच्या वखारीच्या पत्र्यावरचं ऊन बघून आले आणि म्हणाले, "अजून दिवस हाय, अण्णा. बिनघोर घ्या. गार हुतंय."

"दिवस हाय त्ये मला दिसतंय," अण्णा म्हणाले. "तिकडं रीत हाय. मागणं घेऊन आलेला पाव्हणा कप खाली ठेवतो. घरधनी व्हय म्हणला तर पितो. न्हाय म्हणला तर तसाच उठून जातो."

"हे तुमचं अरबस्तान न्हाय, निपाणी हाय."

"म्हणून तर बसलोय. तिकडं असतो तर तुमी आदीच व्हय म्हणला असता."

मागणं काय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं होतं? पिशवी उंबऱ्यावरच होती.

चहावर साय धरली. वखारीच्या पत्र्यावरचं ऊन कडेला सरकत चाललं. ते एकदा गेलं की अण्णा आज काही घेणार नव्हते, आणि सत्तरीला टेकलेला घरमालक आमच्या घरातून चहा न पिता, उपाशी उठून जाणार होता. हे सारखे दाराकडं बघत होते. एकदा ते पत्र्याकडं बघायचे, एकदा कपाकडं आणि मग, कितीतरी वेळानं, त्यांनी मुलीकडं बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

ती म्हणाली, "आप्पा, बरं हाय?"

पत्र्याच्या कडेला पट्टीएवढं ऊन राहिलं होतं.

"प्या, अण्णा," हे म्हणाले.

अण्णांनी कप उचलला, सायीसकट एका घोटात संपवला आणि ह्यांच्यापुढं धरून बोटांत हलवला. "लई ग्वाड झाला," म्हणाले आणि उठले.

सासरा-जावयांना त्यांची एसटी मिळाली. पिशवी उंबऱ्याशीच राहिली.

पुढं सगळं छान छान झालं असं नाही. हे वर्षभर अण्णांशी बोलले नाहीत. मनाविरुद्ध हरल्याची चीड होती. अण्णा रोज फाटकात विचारायचे, "बरं हाय?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "बरंच असणार म्हणा." मुलीनं राहिलेलं शिक्षण रडतखडत पुरं केलं. लोकांचं बोलणं खाल्लं. शेवटी बेळगावला कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात लागली. हे गेल्यावर मीही तिच्याकडं आले, बेळगावजवळच्या कंग्राळीला.

अण्णांची बायकोही गेली. त्या दिवशी मी निपाणीला पोचले तर अण्णा ओट्यावर बसलेले. मी म्हटलं, "अण्णा?" तर म्हणाले, "बरं हाय." वाईट बातमी पहिल्या फेरीत सांगायची नाही, ही तिकडची रीत. मी शेजारी बसले आणि पुन्हा विचारलं, "बरं हाय?" तेव्हा म्हणाले, "न्हाय." मग बेंगळूरला नोकरीत असलेला त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. मुलगा चांगला आहे. पण फोनवर म्हणायचा, "काकू, हे लिफ्टमध्ये माणसांना अडवून बरं हाय का विचारतात. लोक तक्रार करतात. मी रोज कुणाकुणाची माफी मागू?" त्याच्याही आवाजात दमणूकच असायची. मला त्याचा राग आला नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपार टळली होती, मी गुडघ्यांना तेल लावून बसले होते. रस्त्यावरून खाकरणं आलं. तसं हल्ली कुणी खाकरत नाही. सगळे सरळ बेल दाबतात.

भिंतीला धरून उठले. फाटकासमोर, चांगली दहा पावलं लांब, अण्णा उभे. काठी, वाकलेली पाठ, आणि खांद्याला एक बॅग. तिची चेन तुटलेली, सुतळीनं बांधलेली.

"आक्का, बरं हाय?"

"बरं हाय, अण्णा."

"पोरगी बरी? पाऊसपाणी बरं?"

गुडघे कळा मारत होते, तरी मी सगळ्यांची उत्तरं दिली. दोन्ही फेऱ्या. मग मी विचारायला लागले. जिवाला बरं? प्रवास बरा? मुलगा बरा, सून बरी? "बरं हाय, बरं हाय," म्हणत होते. दुसऱ्या फेरीला त्यांचे डोळे खाली गेले. मी बॅगेकडं बघितलं आणि पुढं एक शब्द विचारला नाही. आत नेलं, पाणी दिलं.

संध्याकाळी मुलगी बसमधून उतरून आली. तिनं अण्णांना बघितलं, ती सुतळीची बॅग बघितली. पाया पडली, विचारपूस केली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बेंगळूरहून अण्णांचा मुलगा.

"व्हय, हितंच हायत," ती म्हणाली. "बरं हायत... न्हाय, का आल्यात ते आमी इचारलं न्हाय... उद्या नको, दादा. तीन दिसांनी या. जेवायलाच या."

फोन ठेवला. चपलाही न काढता ती आत गेली, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, फाटकात टाकली आणि तिच्यावर बसली.

मी चहाचं आधण ठेवलं. दिवस मावळायला अजून अवकाश होता.